एक नळी, तीन तोंडं

माझा स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात. त्यात खोटं काही नाही. पण त्याला पुढं शेपूट जोडतात, की याला माणसं नकोशी असतात, ते मात्र साफ खोटं. तळेगावात काढलेल्या त्या वर्षांत मला माणसांशिवाय दुसरं काही नको होतं. फार नाहीत, तीन-चार. मी जवळ गेलो तर ज्यांचं बोलणं थांबणार नाही, एवढीच अट.

आई गेल्यावर पुण्यातलं थोरल्या भावाचं घर माझं राहिलं नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. ताट वेळेवर वाढलं जाई, पण मी जेवलो काय, न जेवलो काय, कोणाच्या ध्यानात येत नसे. चित्रकलेच्या परीक्षा देऊन झाल्या होत्या, हात बरा होता. तळेगावच्या एका लहानशा काचकारखान्यात नक्षे काढायला माणूस हवा आहे असं कळलं, आणि एक ट्रंक नि एक वळकटी घेऊन मी गाडीत बसलो. तीस साल तेव्हा नुकतंच उलटलं होतं.

स्टेशनाजवळ खोली घेतली आणि गावात एका मावशींच्या खानावळीत दोन वेळचं जेवण लावलं. तिथं मावशी बोलत नसत आणि जेवणारेही बोलत नसत. पापड मोडल्याचा आवाज सगळ्या पंगतीला ऐकू जाई. रविवारी कारखाना बंद, म्हणून मी तळ्याकाठी जाऊन बसे आणि दिवस एकदाचा मावळायची वाट बघे. सोमवारकडं डोळे लावून बसणारा नोकरमाणूस मी तरी माझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

कारखान्यात कंदिलाच्या काचा, दौती आणि औषधाच्या बाटल्या होत. मालक स्वदेशीच्या भरात या धंद्यात पडले होते. नक्षे काढतो म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. माझं टेबल खिडकीपाशी होतं आणि खिडकीतून मोठी भट्टी दिसे. त्या भट्टीवरची तीन माणसं मी दिवसभर बघायचो, म्हणजे नक्षे काढता काढता बघायचो असं म्हणायला हवं.

त्यातले चाचा उत्तरेकडचे. बापजाद्यांपासून काचेचं काम. दाढीला मेंदी, अंगानं काटकुळे, आणि काचेवर इतका जीव की फुटलेली दौतसुद्धा उचलून उजेडाकडं धरून बघत. दुसरे जवळच्याच वडिवळे गावचे. घरची भातशेती धाकट्या भावावर सोपवून आले होते. कारखान्यात सगळे त्यांना भाऊच म्हणत, मीही म्हणे. मनगटं भक्कम, आणि बोलणं तुसडं, अगदी माझ्यासारखं. तिसरा होता तो तळेगावच्याच मांगवाड्यातला, लग्नसराईत सनई वाजवणारा. एरवी भट्टीला कोळसा घालायचा आणि हात कमी पडेल तेव्हा बाटल्या फुंकायचा. त्याला सगळे वाजंत्रीच म्हणत. मिशीचा त्याला मोठा अभिमान. भट्टीपुढं उभं राहून कोणाची मिशी करपते नि कोणाची नाही यावर तो तासभर बोलू शकत असे.

तिघं दिवसभर एकमेकांवर वसवस करायचे, आणि मला ती वसवससुद्धा हवीहवीशी वाटायची. माझ्यावर वसवस करायला कोणीच नव्हतं.

आता काच फुंकायची नळी कशी असते ते सांगायला हवं. चुलीपुढच्या आपल्या फुंकणीची थोरली बहीण म्हणा. पुरुषभर उंचीची, लोखंडी. एका टोकाला मुशीतली वितळलेली काच गुंडाळून घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं. तोंड लावलं की नळी उष्टी होते, आणि उष्ट्याची गोष्ट निघाली की आपल्याकडं भट्टीसुद्धा गार पडायची. म्हणून ज्याची त्याची नळी वेगळी. भिंतीवर ज्याची त्याची खुंटी, आणि कोणी दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. ज्यानं काच घेतली त्यानंच ती शेवटपर्यंत फुंकायची. कंदिलाच्या काचांपुरतं हे निभत होतं.

मग खंडाळ्याची मागणी आली. तिथं घाटाच्या कडेला एका पारशी शेटजींनी बंगला बांधला होता. वीज आलेली होती, आणि वऱ्हांड्यात नि दिवाणखान्यात टांगायला त्यांना दिव्यांच्या काचेच्या गोल हंड्या हव्या होत्या, चांगल्या कलिंगडाएवढ्या. मालकांनी छाती फुगवून हो म्हटलं आणि कारखान्यात येऊन आम्हाला स्पष्ट सांगितलं, "हंड्या जमल्या तर मोठी भट्टी चालेल. नाही जमल्या तर मी ती विझवणार आणि नुसत्या बाटल्या काढणार. मग या तिघांनी दुसरीकडं बघावं. तुम्ही राहा मास्तर, बाटल्या तपासायला कोणीतरी लागेलच."

नोकरीची मला फिकीर नव्हती. पण ती तीन माणसं गेल्यावर मी त्या खिडकीत बसून बाटल्या बघणार, हे काही मला सोसणारं नव्हतं. त्या दिवसापासून हंड्या हा माझ्या जिवाचा प्रश्न झाला.

एका माणसाचं ते काम नव्हतं. तेवढी जड काच मुशीतून नेमकी उचलावी ती चाचांनी. पण त्यांची छाती आता खोकल्यानं पोखरली होती. पहिल्या एक-दोन फुंका घालून झाल्या की त्यांना दम लागे. तो गोळा फिरता ठेवून, साच्यात उतरवून घाटाला आणावा तो भाऊंच्या मनगटांनी, मधूनमधून फुंकत. आणि शेवटची लांब, एकसारखी फुंक वाजंत्र्याची. सनई वाजवणारा गालात वारा भरून ठेवतो आणि नाकानं श्वास घेत राहतो, सूर तुटत नाही. म्हणजे नळी एक आणि तोंडं तीन. हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं आणि पहिल्याच दिवशी सगळे गप्प बसले.

मग त्यांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कोणी केलं नसतं. निम्मी फुंकलेली हंडी एका नळीवरून दुसऱ्या नळीवर उतरवून घ्यायची, म्हणजे कोणाचं उष्टं कोणाला नको! चाचांनी मान हलवली, "बाबू, ये नही होगा," म्हणाले, पण दोघांच्या हट्टापुढं उभे राहिले. चाचांची नळी तिरपी, तिला भाऊंची नळी भिडवलेली, मध्ये लालभडक गोळा, आणि तिघांच्या तोंडी तीन वेगवेगळ्या आज्ञा. गोळा सटकला आणि फरशीवर जाऊन पसरला.

"मास्तर," वाजंत्री मला म्हणाला, "शेटजींस्नी इचारा, हे थालीपीठ टांगता का बंगल्यात?"

मी हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा थालीपीठ. तो आठवडा थालीपिठांतच गेला.

पुढं एका लग्नाहून वाजंत्री सनई घेऊन परस्पर कामावर आला. सनईच्या तोंडाची ती इवलीशी पत्ती काढून त्यानं कनवटीला खोचली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "सनई कुनाची बी चालती. पत्ती ज्याची त्याची." मी टेबलावरचा कागद ओढला. नळीच्या तोंडावर घट्ट बसेल अशी पितळी तोटी, प्रत्येकाची वेगळी. नळी एकच, ज्याची पाळी येईल त्यानं आपली तोटी चढवायची, फुंकायचं, काढायची नि पुढं द्यायचं. गावातल्या तांबटाकडून तीन तोट्या करून आणल्या. चाचांनी आपली तोटी सदऱ्याच्या खिशात टाकली, भाऊंनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, वाजंत्र्यानं दोरीला बांधून गळ्यात घातली आणि दिवसभर छाती काढून हिंडला.

त्या दिवसांत मी सुखी होतो हे कबूल करायला हवं. फरशीवर कोळशानं हंडीचा घाट काढायचा आणि तिघांना म्हणायचं, आता बोला. आधी कोणी बोलेना. मास्तरनं काढलंय म्हणजे ते बरोबरच, अशी त्यांची समजूत. मी मुद्दाम एकदा गळा नको तितका आखूड काढला. तेव्हा चाचांना राहवलं नाही, त्यांनी पायानंच माझी रेघ पुसली आणि वाकून दुसरी काढली. मग वाजंत्री म्हणाला, गळ्याला जरा पसरट तोंड द्या, वारा मोकळा जाईल. भाऊंनी साच्यासाठी गावाकडून जांभळाचं लाकूड आणलं, कारण साचा सतत पाण्यात भिजलेला लागतो आणि जांभूळ पाण्यात कुजत नाही. त्या हंडीत शेवटी माझी अशी एकही रेघ राहिली नाही. मला त्याचं इतकं बरं वाटलं की खानावळीत त्या दिवशी मी भात मागून घेतला.

पण तोट्यांचा खेळ पुरा जमेना. तोटी काढून दुसरी चढवायला क्षणभर जायचा आणि तेवढ्यात काच मिजास करायची. कधी तोटी सैल बसून वारा बाजूनं फुस्स. भाऊंनी सुती दोरा गुंडाळून पाहिला, चाचांनी काच जास्त तापवून पाहिली. पाचात एखादी हंडी धड निघे, बाकीच्या एका कुशीला सुजलेल्या. शेटजींची मुदत जवळ आली, मालकांनी मोठ्या भट्टीकडं बघणं सोडून दिलं, आणि मी रविवारी तळ्याकाठी बसेनासा झालो. कारखान्याच्या बंद दारापुढूनच येरझारा घालायचो.

मग एका सकाळी तो प्रकार घडला. चाचांनी गोळा उचलला होता, फारच सुरेख उचलला होता. पहिली फुंक घालून त्यांनी तोटी काढली नि नळी भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी बंडीत हात घातला. तोटी नाही. दुसऱ्या खिशात नाही. काच नळीच्या टोकावर मान टाकू लागली. भाऊंनी एकदा चाचांकडं पाहिलं, एकदा गोळ्याकडं, आणि नळीलाच तोंड लावलं. गोळा सावरला, साच्यात उतरला. त्यांनी नळी वाजंत्र्यापुढं धरली. त्याची तोटी गळ्यात होती, हातातही आली होती, पण तो तसाच थांबला. नळीला लागलेलं ते तोंड वडिवळ्याच्या पाटलाच्या भावकीतलं होतं.

"भाऊ, तुमी फुंकल्यालं..." तो म्हणाला.

"अरं फुक की मर्दा!" भाऊ ओरडले. "गार व्हतंय ते!"

वाजंत्र्यानं तोटी सोडून दिली आणि फुंकलं. साच्यातून वाफ निघाली. एवढी लांब फुंक मी त्याची मांडवातसुद्धा ऐकली नव्हती. साचा उघडला तर आत हंडी होती, कुठं सूज नाही, कुठं सुरकुती नाही. भाऊ नळावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरायला म्हणून, आणि ते नुसतंच सांडून परत आले.

"आगीला इटाळ नसतो," ते आल्यावर म्हणाले. आग नळीच्या त्या टोकाला होती आणि तोंडं या टोकाला, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण माझी जीभ तेवढी एक वेळ शहाणी झाली.

"गावात बोलू नगंस," भाऊ वाजंत्र्याला म्हणाले.

"म्या कशाला बोलू? आमच्या पंगतीतनं मलाच उठिवतील, पाटलाचं उष्टं खाल्लं म्हनून."

यावर चाचा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि भाऊ त्यांची पाठ चोळत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तोट्या कोणी आणल्या नाहीत. खंडाळ्याच्या हंड्या मुदतीच्या आत पेंढ्यात बांधून रवाना झाल्या.

भट्टी वाचली. तिघं राहिले. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि नेमकं तेव्हापासून माझं एकटेपण वाढलं. त्याआधी ते तिघं तीन ठिकाणी जेवायचे आणि मी चौथ्या ठिकाणी. म्हणजे सगळे सारखेच. आता ते कोळशाच्या शेडमागं एकत्र बसत. भाऊ कांदा बुक्कीनं फोडत, चाचांच्या डब्यातलं लोणचं फिरे, आणि वाजंत्र्याच्या गोष्टी चालत. मला खिडकीतून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मी काहीतरी निमित्त काढायचो. नक्ष्याची गुंडाळी घेऊन तिकडं जायचो. ते लगबगीनं उठायचे, हात पुसायचे, "या मास्तर" म्हणायचे. मी गळ्याच्या रुंदीबद्दल काहीतरी विचारायचो, ते नीट उत्तर द्यायचे. "या" म्हणत, पण "बसा" कधी म्हटलं नाही. मी वळलो की मागं पुन्हा हसणं सुरू होई. ते मला हसत नव्हते हे मला समजत होतं, पण हसण्यात मी नव्हतो हेही समजत होतं.

भट्टीपाशीही तसंच. तिघांची नळी या हातातून त्या हातात जाई आणि मी कागद घेऊन बाजूला उभा. आपल्याला कोणीतरी हाक मारावी असं वाटे. मारली असती तर काय केलं असतं, कोण जाणे. घरात माझ्यावर जे संस्कार झाले होते ते काही मी पुण्यात ठेवून आलो नव्हतो. पण खरं सांगतो, उष्ट्याचा विचार माझ्या मनात कधीच मागं पडला होता. मला वाटायचं, या तिघांचं आता जुळलंय, त्यात आपण आगंतुकासारखं कशाला जायचं. न बोलावता जाण्याची मला लहानपणापासून लाज वाटते.

खंडाळ्याच्या हंड्या त्या बंगल्यात एका पाहुण्यांनी पाहिल्या. त्यांचा मुंबईकडं मोठा काचकारखाना होता. ते तळेगावला उतरले, अर्धा दिवस भट्टीपुढं उभे राहिले आणि मालकांना म्हणाले, ही माणसं मला द्या. चाचांनी सांगितलं, "तीनों, तो तीनों. एक को भी नही छोडेंगे." पाहुणे कबूल झाले. मालकांना हंड्यांच्या नव्या मागण्या फारशा मिळत नव्हत्याच, ते अडवतील कशाला? मी खिडकीत बसून ऐकत होतो. चाचा आणखी काही म्हणतील असं मला वाटत राहिलं. तीनच्या पुढचा आकडा काही फार लांब नसतो. पण बोलणं तिथंच संपलं.

ज्यांनी एकमेकांच्या नळीला हात लावला नसता ते तिघं एकमेकांना सोडून जायला तयार नव्हते. हे जुळवून आणण्यात थोडा माझाही हात होता. याचा अभिमान वाटायला हवा होता, पण मला नुसतं रडू येत होतं.

ते निघाले त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो. निरोप द्यायला कोणी मास्तर येईल अशी त्यांची अपेक्षा नसावी, कारण मला पाहून तिघंही बाकावरून उठून उभे राहिले. चाचांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, आणि सामान घेऊन डब्यात चढले. वाजंत्री त्यांच्यामागं चढला. भाऊ पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"मास्तर, येक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"तुमी नळीला तोंड का वो न्हाई लावलं कंदी?"

"मला कुठं फुंकता येतं, भाऊ."

"आमाला तरी कुटं येत व्हतं? आमी लय वाट बघितली. चाचानं येक दिस राखंनं घासून नळी लख्ख केली. म्हनला, आज मास्तर आलं तर त्येंच्या हातात देऊ. तुमी आला, कागद दिला अन् गेला." त्यांनी खांद्यावरचं गाठोडं सावरलं. "मंग आमी म्हनलं, बामनाचं मानूस हाय, कशाला भरीस घालायचं. जेवायला बसा म्हनायची बी मग हिंमत न्हाई झाली."

शिटी झाली. भाऊ आत गेले. मला त्यांना सांगायचं होतं की मीही वाटच बघत होतो. की तुम्ही मला हाक मारत नाही म्हणून मी त्या खिडकीत बसून झुरलो. की मला आत्ता, या क्षणी सांगा, मी कुठल्याही नळीला तोंड लावतो. गाडी हलली. मी डब्याबरोबर चालू लागलो, मग थोडा धावलोसुद्धा. तिघंही एकाच खिडकीत तोंडं घालून माझ्याकडं बघत होते, मी काही बोलेन म्हणून. घशाशी आलेलं सगळं तसंच राहिलं आणि पुणेरी शिष्टाचार तेवढा बाहेर पडला.

"पोचलात की पत्र टाका!" मी ओरडलो.

"व्हय, व्हय, टाकतो," भाऊ हात हलवत म्हणाले. तिघांपैकी कोणालाही लिहिता येत नव्हतं.